हजेरीचे पाचशे रुपये

बडोदे संस्थानात १९०६ सालापासून मुलाला शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड होऊ लागला. आज त्याच बडोद्यात नववीतली मुलगी शाळेत गेली तर तिच्या आईच्या खात्यात महिन्याला पाचशे रुपये जमा होतात. शहर तेच, हजेरीपटही तोच. फक्त पैसा तेव्हा घरातून सरकारकडे जायचा, आता सरकारकडून घरात येतो.

बडोद्याच्या कारेलीबागेत पाण्याच्या टाकीच्या रस्त्याला संध्याकाळी मुलींचे घोळके क्लासहून परतताना दिसतात. त्यांच्यातल्या कितीजणींच्या घरी असे पैसे येतात, हे बघून सांगता येणार नाही. पण ते यावेत म्हणून जी यंत्रणा उभी आहे ती एकदा नीट पाहिली की माणूस थक्क होतो, आणि जरा वेळाने अस्वस्थही होतो.

सुरुवात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापासून करायला हवी. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. तो जमतोय असं दिसल्यावर १९०६ मध्ये कायदा करून तो संस्थानभर लागू केला. मुलगे ७ ते १२ वर्षांचे, मुली ७ ते १० वर्षांच्या. ब्रिटिश हिंदुस्थानात असं काही नव्हतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचा दाखला होता. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं, ही गोष्ट वेगळी.

सयाजीरावांचा कायदा काळाच्या कितीतरी पुढे होता. तरी त्याचं गणित एका जागी अडत होतं. शाळा मोफत केली म्हणून मूल फुकटात शिकत नाही. ढोरांमागे जाणारा, शेतात राखण करणारा, धाकट्या भावंडाला काखेत घेऊन बसणारा हात घरातून वजा होतो. त्या बुडालेल्या मजुरीचा हिशोब घरच्यांनाच करावा लागतो. दंडाने हा हिशोब सुटत नाही, उलट खर्चाच्या बाजूला आणखी एक आकडा चढतो. हे उमगून सरकारं उलट्या बाजूने विचार करायला लागेपर्यंत बराच काळ गेला.

आता आजच्या कायद्याकडे या. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देतो, म्हणजे आठवीपर्यंत. दुसरीकडे बालकामगारांचा कायदा पाहा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत मात्र चालते. १४ ते १८ या वयात मात्र मनाई फक्त धोकादायक कामांना आहे. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले की अंगावर काटा येतो. चौदाव्या वर्षी शाळेची सक्ती संपते आणि त्याच वाढदिवशी कामाची परवानगी सुरू होते. दोन्ही दारांची कुलपं एकाच दिवशी उघडतात.

परिणाम आकड्यांत दिसतो. यूडायस-प्लस या सरकारी नोंदींप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशात माध्यमिक टप्प्यावर, म्हणजे नववी-दहावीत, गळतीचं प्रमाण १२.६ टक्के होतं. गुजरातेत ते जवळपास १८ टक्के होतं. उद्योगांनी भरलेलं राज्य, आणि नववी-दहावीत मुलं मात्र देशाच्या सरासरीपेक्षा जास्त गळतात. उद्योगांनी भरलेलं म्हणूनही असेल कदाचित. पंधरा वर्षांच्या हातांना इथे काम मिळायला अडचण नाही. नवरात्रीच्या आधी चणिया-चोळ्यांवर आरसे टाचायचे असतात, उत्तरायणाच्या आधी दोऱ्याला मांजा चढवायचा असतो.

म्हणून हल्लीच्या मदत योजना नेमक्या त्या कुलूप उघडणाऱ्या दिवसापासून सुरू होतात. नववी ते बारावी. इयत्तांची ही निवड योगायोगाची नाही.

गुजरातची सगळ्यात मोठी योजना म्हणजे नमो लक्ष्मी. अर्थमंत्री कनुभाई देसाईंनी २ फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पात तिची घोषणा केली, तरतूद १,२५० कोटींची. चार वर्षांत एका मुलीला एकूण ५०,००० रुपये. पण ते कसे दिले जातात ते पाहण्यासारखं आहे. नववी आणि दहावीत वर्षाचे दहा महिने, महिन्याला ५०० रुपये. दोन वर्षांचे झाले १०,०००. दहावीची बोर्डाची परीक्षा पास झाली की एकदम आणखी १०,०००. अकरावी-बारावीत महिन्याला ७५०, दोन वर्षांचे १५,०००. बारावी पास झाली की पुन्हा १५,०००. अर्धे पैसे हजेरीचे, अर्धे पैसे टिकण्याचे. हजेरी सरासरी ८० टक्के हवी. विज्ञान शाखा घेणाऱ्यांसाठी नमो सरस्वती ही जोडयोजना आहे, त्यात अकरावी-बारावीचे मिळून २५,००० आणि ती मुलग्यांनाही मिळते.

पाचशे भागिले पंचवीस शाळेचे दिवस, म्हणजे दिवसाला वीस रुपये. अमितनगरच्या नाक्यावर वीस रुपयांत काय येतं ते कारेलीबागकरांना सांगायला नको. एवढ्याशा रकमेसाठी कोण पोरीला शाळेत ठेवेल? मजुरी त्याच्या कितीतरी पट मिळते. मलाही हा प्रश्न बरेच दिवस सतावत होता. त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर मिळतं ते इंग्लंडात.

तिथे १९९९ मध्ये काही भागांत प्रयोग म्हणून आणि २००४ पासून देशभर, सोळा ते अठरा वयाच्या मुलांना शिक्षणात टिकून राहण्यासाठी आठवड्याला भत्ता मिळायचा. घरचं उत्पन्न जितकं कमी तितका भत्ता जास्त: ३० पौंड, २० पौंड किंवा १० पौंड. आठवड्यात विनाकारण वर्ग चुकवले तर त्या आठवड्याचे पैसे नाहीत. अर्थतज्ज्ञांनी प्रयोगाचे भाग आणि बाकीचे भाग यांची तुलना केली, तेव्हा पहिल्या वर्षी शिक्षणात राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे साडेचार टक्केबिंदूंनी वाढलेलं आढळलं. मला खरी चकित करणारी गोष्ट पुढची वाटते. ही जी जास्तीची मुलं शाळेत टिकली, त्यांच्यातली दोन तृतीयांश नोकरी सोडून आलेली नव्हती. भत्ता नसता तर ती काहीच करत नसती. घरी बसली असती.

म्हणजे भत्त्याची स्पर्धा मजुरीशी कमी आणि घरी बसण्याशी जास्त असते. आपल्याकडच्या मुलींना हे किती लागू पडतं ते वेगळं सांगायला हवं का? कारेलीबागेतल्या एखाद्या चाळीतली पंधरा वर्षांची मुलगी शाळा सोडते ती बहुतेक वेळा कारखान्यात जाण्यासाठी नाही. आई कामाला जाते, धाकट्याला सांभाळायला कोणी नाही, आणि ‘तशीही दहावीत गणित राहणारच आहे’ म्हणून ती घरी राहते. या ‘तशीही’ला ढकलायला वीस रुपये पुरू शकतात. आई म्हणते, ‘जा गं, हजेरी पडू दे.’

आईचा विषय निघालाच आहे. नमो लक्ष्मीचे पैसे मुलीच्या नव्हे, आईच्या खात्यात जातात. आई हयात नसेल तरच मुलीच्या स्वतःच्या. मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा नावाची योजना काढली, तिथपासून ही रीत जगभर गेली. तिथेही पैसे आईच्या हातात, तिथेही हजेरीची अट, ती ८५ टक्क्यांची, आणि माध्यमिक इयत्तांत मुलग्यांपेक्षा मुलींना रक्कम जास्त. कारण मुली तिथेच गळत होत्या. मेक्सिकोने आणखी एक शहाणपण केलं. ५०६ गावं निवडून त्यांतल्या ३२० गावांत योजना आधी सुरू केली आणि १८६ गावांत नंतर, म्हणजे फरक मोजता यावा. इंग्लंडने मात्र प्रयोगाच्या काळात काही भागांत पालकांना आणि काही भागांत मुलांना पैसे देऊन पाहिले, आणि देशभर योजना नेताना पैसे थेट सोळा वर्षांच्या पोराच्या खात्यात द्यायचं ठरवलं. आपल्याकडे कोणा मंत्र्याने असं सुचवलं तर काय गहजब होईल याची कल्पना करा.

हजेरीच्या अटीबद्दल मात्र माझ्या मनात शंका आहे, आणि तिला आधार आहे आफ्रिकेतल्या मलावी देशातला. तिथल्या झोम्बा जिल्ह्यात किशोरवयीन मुलींच्या एका गटाला शाळेच्या अटीवर पैसे दिले आणि दुसऱ्याला बिनशर्त. अट असलेल्या गटात शाळेतली हजेरी जास्त सुधारली, हे अपेक्षितच होतं. पण लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं कमी झाली ती बिनशर्त गटात. मुख्यतः शाळा सुटलेल्या मुलींमध्ये. अट घातली की जी मुलगी सगळ्यात अडचणीत असते तिचेच पैसे सगळ्यात आधी बंद होतात. ८० टक्क्यांच्या नियमाखाली आजारी आईची शुश्रूषा करणारी मुलगी आणि बागेत भटकणारी मुलगी यांत फरक करणारा रकाना हजेरीपटात नाही.

आता जरा अवघड प्रश्न. गरीब कोण हे सरकार कसं ठरवतं?

नमो लक्ष्मीने इथे हुशारी केली आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलीला उत्पन्न विचारलंच जात नाही. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलीलाच घरचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांच्या आत असल्याचं दाखवावं लागतं. कोणत्या शाळेत घातलंय यावरूनच सरकार घरची परिस्थिती ओळखतं. कागद वाचतात, खेटे वाचतात. नोंदणीही शाळाच करते, पालकांनी पोर्टलवर डोकं खुपसायचं कारण नाही.

बाकीच्या योजनांत मात्र उत्पन्नाचा दाखला लागतो. बडोद्यात त्यासाठी नर्मदा भवनातल्या जनसेवा केंद्रात जायचं किंवा डिजिटल गुजरातवरून अर्ज करायचा. दाखल्यावर सही मामलतदारांची. पगारपत्रक असणाऱ्याचं सोपं असतं. पण पाणीपुरीची गाडी लावणाऱ्याचं उत्पन्न कोण सांगणार? टाइल्स बसवणाऱ्या कारागिराला या महिन्यात तीस हजार मिळाले आणि पुढच्या दोन महिन्यांत काहीच नाही, तर त्याचं वर्षाचं काय धरायचं? तिथे माणूस स्वतः लिहून देतो, तलाटी चौकशी करतो, शेजारपाजारचे पंच सांगतात. उपग्रहाने शेताची मोजणी करणारं सरकार माणसाच्या मिळकतीच्या बाबतीत आजही शेजाऱ्याच्या शब्दावर चालतं. मला यात काही गैर वाटत नाही. शेजाऱ्याला खरंच माहीत असतं. गुजरातेत हा दाखला तीन वर्षं चालतो, ही मोठी सोय आहे. आठवीच्या सुट्टीत काढला तर दहावी सरेपर्यंत काळजी नाही.

मग त्या दाखल्यावरचा आकडा वेगवेगळ्या खिडक्यांवर फिरतो, आणि इथे गंमत सुरू होते. पाण्याच्या टाकीजवळ राहणारं एक घर समजा. वडील लादीकाम करतात, आई व्हीआयपी रोडवर दोन घरी स्वयंपाक करते, मिळून महिन्याला २४,००० येतात. वर्षाचे झाले २ लाख ८८ हजार. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या शिष्यवृत्तीची मर्यादा २.५ लाख, त्यामुळे तिथे हे घर गरीब नाही. आठवीत परीक्षा देऊन मिळणाऱ्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीची मर्यादा ३.५ लाख, तिथे गरीब आहे. बारावीनंतर गुजरातच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेची मर्यादा ६ लाख, तिथे तर अगदीच गरीब. आर्थिक मागासांच्या आरक्षणाला ८ लाख. घर तेच, चूलही तीच, आणि चार खिडक्यांवर त्याची वेगवेगळी ओळख.

त्यातून प्रत्येक मर्यादा ही कडा आहे. २ लाख ४९ हजारांवर पूर्ण मदत, २ लाख ५१ हजारांवर शून्य. इंग्लंडात ३०, २०, १० अशा पायऱ्या होत्या. उत्पन्न वाढलं तर माणूस एक पायरी उतरायचा, खाली कोसळायचा नाही. आपल्याकडे लादीकाम करणाऱ्याने दोन खोल्या जास्त केल्या तर पोरीची शिष्यवृत्ती जाऊ शकते. शिवाय २.५ लाखांची ती मर्यादा दहा वर्षांहून जास्त काळ जागची हललेली नाही. मजुरी वाढली, भाव वाढले, घर होतं तसंच आहे, आणि कागदावर मात्र ते श्रीमंत होत चाललं आहे.

आठवीच्या परीक्षेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ती जितक्यांना माहीत असायला हवी तितक्यांना नाही. पूर्ण नाव लांबलचक आहे, शाळांत सगळे एनएमएमएस म्हणतात. केंद्र सरकारने २००८ मध्ये सुरू केली, उद्देशच आठवीनंतरची गळती थांबवण्याचा. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या, राज्यवार वाटून. गुजरातच्या वाट्याला ५,०९७ आणि महाराष्ट्राच्या ११,६८२. सातवीत ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट), शाळा सरकारी, अनुदानित किंवा पालिकेची हवी. गुजरातेत परीक्षा गांधीनगरचं राज्य परीक्षा बोर्ड घेतं. दोन पेपर, ९०-९० प्रश्नांचे, दीड-दीड तासाचे. एक शाळेतल्या अभ्यासाचा, दुसरा निव्वळ डोकं चालवण्याचा. २, ६, १२, २०, पुढे काय? अशा धाटणीचे प्रश्न. (३०. फरक ४, ६, ८, १० असा वाढतोय.) निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,०००, चार वर्षांत ४८,०००. दहावीत ६० टक्के पडले तरच अकरावीत पुढे चालू. अनुसूचित जाती-जमातींना ५५.

पण परीक्षा पास होणं म्हणजे पैसे मिळणं नव्हे, आणि इथेच अनेक घरं फसतात. निकालानंतर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर मुलाची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. तो अर्ज आधी शाळेने तपासायचा, मग जिल्ह्याने. शिवाय दरवर्षी नूतनीकरण. यादीत नाव आल्याचे पेढे वाटून घर गप्प बसलं, की मुदत निघून जाते. आणखी एक बोचणारी गोष्ट: ही रक्कम सुरुवातीला महिन्याला ५०० होती, २०१७ मध्ये १,००० झाली, आणि तिथेच आहे. तेव्हाच्या हजारात आणि आजच्या हजारात किती फरक आहे हे किराणा दुकानाच्या वहीत दिसतं. हे दुखणं आपल्यापुरतं नाही. इंग्लंडने तो भत्ता २०११ मध्ये बंदच केला. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो अजून ३० पौंडांवरच अडकला आहे. वेल्सने मात्र २०२३ मध्ये ४० पौंड केला.

आता सगळ्यात नवलाचा भाग. पैसे येतात कसे?

सकाळी वर्गशिक्षिका हजेरी घेते आणि ऑनलाइन भरते. ती गांधीनगरच्या विद्या समीक्षा केंद्रात पोचते. तिथे भिंतभर पडद्यांवर राज्यातल्या शाळांची हजेरी दिसते. तुमच्या मुलीने ‘हजर’ म्हटलेलं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर नोंदलं गेलेलं असतं. हे ऐकून कोणाला कौतुक वाटेल, कोणाला थोडं दचकायला होईल. दोन्ही रास्त आहे.

केंद्राच्या शिष्यवृत्त्यांत पुढचा टप्पा आणखी विलक्षण आहे. सरकार पैसे खाते क्रमांकावर पाठवतच नाही, आधार क्रमांकावर पाठवतं. राष्ट्रीय देयक महामंडळाकडे एक मोठी यादी असते, तिला मॅपर म्हणतात. त्या यादीत प्रत्येक आधार क्रमांकापुढे फक्त एक गोष्ट लिहिलेली असते: कोणती बँक. खातं कोणतं, त्यात किती पैसे, काही नाही. पैसे त्या बँकेकडे जातात आणि त्या आधारचं खातं कोणतं हे बँक आपल्या घरी शोधते. एका आधारपुढे एकच बँक राहते, आणि जी सगळ्यात शेवटी जोडली ती.

या शेवटच्या वाक्यात किती घरांचे पैसे हरवले आहेत! मुलाचं खातं सरकारी बँकेत काढलं, शाळेत तेच पासबुक दिलं. वर्षभराने कोणी तरी मोबाइलवर दोन मिनिटांत दुसरं खातं उघडून दिलं, ‘आधार जोडायचं का?’ला ‘हो’ म्हटलं. मॅपरमध्ये बँक बदलली. शिष्यवृत्ती आली ती या नव्या खात्यात, आणि आई जुन्या बँकेच्या रांगेत पासबुक भरून घेत विचारत राहिली, पैसे का नाही आले. पैसे आलेले असतात. दुसऱ्या घरी जाऊन बसलेले असतात. आणि बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे आधार जोडलं असंही नाही. ओळख पटवायला दिलेलं आधार वेगळं आणि मदतीच्या पैशांसाठी संमती देऊन नोंदवलेलं आधार वेगळं. दुसऱ्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो.

बडोद्यातल्या मराठी घरांना याच्या जोडीला नावाचा जाच आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. रेशनकार्डावर आईच्या नावाला ‘बेन’ चिकटलेलं, पासबुकात नाही. गायकवाड हे आडनाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं. या शहराच्या राजघराण्याचंच आडनाव ते, पण संगणकाला त्याचं काय! एका अक्षराचा फरक पडला की अर्ज परत.

या सगळ्या कागदांच्या जंगलात वाट दाखवणारं माणूस लागतंच. ते पूर्वीही लागायचं. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचं लक्ष गेलं. १९०७ मध्ये तो मुलगा मॅट्रिक झाला. पुढे इंटरनंतर घरची ओढाताण होऊन शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा केळुसकरांनी त्याची सयाजीरावांशी गाठ घालून दिली. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि दरमहा २५ रुपये मंजूर केले. उत्पन्नाचा दाखला नाही, पंचनामा नाही. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. १९१२ मध्ये ते बी.ए. झाले. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला: तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. त्या पैशांवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. कमाटीबागेतल्या झाडाखाली ते बसले होते ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. कारेलीबागेतून रिक्षाने फारसं दूर नाही. शिष्यवृत्तीने शिक्षण मिळतं, खोली मिळेलच असं नाही, एवढं त्या झाडाखाली उभं राहिल्यावर कळतं.

१९४४ मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू केली. तेव्हा व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते डॉ. आंबेडकर. तीच योजना आज चालू आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी पाच वर्षांचे ५९,०४८ कोटी मंजूर केले, केंद्र ६० टक्के आणि राज्यं ४० टक्के, चार कोटी विद्यार्थ्यांसाठी. महाराजांच्या मर्जीवर मिळालेले पंचवीस रुपये हक्काच्या रूपात इतक्या मुलांपर्यंत गेले. मर्जी जाऊन नियम आला, हे फार मोठं झालं. पण नियमाबरोबर पोर्टल आलं, आणि पोर्टलसमोर गोंधळून उभ्या राहिलेल्या घराला केळुसकर आजही हवाच असतो. कधी तो शाळेतला कारकून असतो, कधी झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा, जो अर्ज भरायचे पन्नास घेतो आणि एका चुकीच्या अक्षराकडे बोट दाखवून बारा हजार वाचवतो.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना, सोसायटीच्या वॉचमनला, इस्त्रीवाल्या काकांना एवढंच विचारा: मुलगा-मुलगी कितवीत? सातवी-आठवी म्हणाले तर एनएमएमएसचा फॉर्म शाळेत मागायला सांगा आणि उत्पन्नाचा दाखला सुट्टीतच काढायला सांगा. नववीतली मुलगी असेल तर नमो लक्ष्मीत तिचं नाव आहे का आणि आईचं खातं चालू आहे का, हे शाळेत विचारायला लावा. आणि तुमच्या मोबाइलवर आधारची वेबसाइट उघडून त्यांच्या आधारपुढे कोणती बँक नोंदली आहे ते त्यांच्यासमोर पाहून द्या. ओटीपी त्यांच्या फोनवर येईल, म्हणून फोन जवळ असू द्या. पाच मिनिटं लागतात.